वाळूंतले बुडबुडे

वऱ्हाडांतील कोणत्याहि बाजारपेठेच्या गांवीं नागपंचमीच्या आधीं दोन-चार दिवस भडभुंज्याच्या भट्टीपाशीं गर्दी जमत असे. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर हीं गांवें याला अपवाद नव्हतीं. हा सारा मुलूख पूर्वीं अकोला जिल्ह्यांत मोडत होता. १ जुलै १९९८ रोजीं त्याचा वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज तेथील शिवारांत सोयाबीन डोलतांना दिसतें; परंतु मागच्या पिढ्यांचें धान्य म्हणजे ज्वारी, आणि ज्वारीच्या लाह्यांवांचून नागपंचमी साजरी झाली असें कोणी मानीत नसे.

भट्टीचें काम पाहण्यासारखें असतें. कढईंत वाळू तापलेली असते. ओलावून ठेवलेली ज्वारी तींत पडते, भडभुंजा झारा फिरवूं लागतो, आणि क्षणार्धांत दाणे फुटून पांढऱ्या लाह्या वर येतात. मग चाळणी हलली कीं वाळू खालीं गळते व लाह्या वर राहतात. येथें वाळू कशासाठीं, असा प्रश्न लहान मुलेंहि विचारतात. त्याचें उत्तर सरळ आहे. नुसत्या कढईंत दाण्याचा एकच अंग लोखंडाला टेकतो आणि करपतो. वाळूंत तो चहूंकडून उष्णतेनें वेढला जातो. मात्र एक अट असते. वाळू हलती पाहिजे. जेथें झारा पोंचत नाहीं तेथें वाळू अतोनात तापते आणि दाणा जळतो. भडभुंज्याचें सर्व कसब त्या झाऱ्यांत आहे.

आतां अशी कल्पना करावी कीं, झारा मुळींच नाहीं. त्याऐवजीं कढईच्या बुडाला बारीक भोकें आहेत आणि त्यांतून तापलेला वारा वर येत आहे. असें झालें तर वाळू काय करील? गेल्या शंभर वर्षांत रसायनांचे, पेट्रोलचे, औषधांचे आणि विजेचे मोठमोठे कारखाने ज्या एका विद्येवर उभे राहिले, तिचा उगम या प्रश्नांत आहे.

वारा आणि कण यांचें नातें शेतकऱ्याला नवें नाहीं. खळ्यावर वावडीवर उभा राहून तो उपणणी करतो तेव्हां भूस दूर उडतें व दाणा पायथ्याशीं पडतो. दाण्याचें वजन वाऱ्याच्या जोराहून अधिक, भुसाचें कमी. एवढाच त्यांतला हिशेब. हाच वारा आडवा न येतां खालून वर, कणांच्या थरांतून आला म्हणजे तीन अवस्था होतात. वारा मंद असतां तो कणांच्या फटींतून वाट काढतो आणि थर जागचा हलत नाहीं. वारा वाढवीत नेला कीं एक क्षण असा येतो, जेव्हां वाऱ्याचा वर रेटणारा जोर थराच्या संपूर्ण वजनाइतका होतो. त्या क्षणीं कण एकमेकांवर भार टाकीनासे होतात आणि सारा थर पाण्यासारखा वागूं लागतो. त्याचा पृष्ठभाग सपाट होतो. भांडें कलतें केलें तरी तो सपाटच राहतो. लाकडाचा तुकडा वर तरंगतो, लोखंडाचा गोळा बुडतो. भांड्याला भोंक पाडल्यास वाळूची धार लागते. याला शास्त्रज्ञ ‘फ्लुइडाइज्ड बेड’ म्हणतात. मराठींत त्याला प्रवाही थर म्हणतां येईल. वारा याहूनहि फार वाढला तर कण भुसाप्रमाणें उडून जातात. मधल्या अवस्थेंत मात्र एक नवल घडतें. पिठलें रटरटावें तसे त्या कोरड्या वाळूंतून बुडबुडे उठूं लागतात.

या नवलाचा पहिला उपयोग जर्मनींत झाला. बीएएसएफ या रासायनिक कंपनींतील फ्रिट्झ विंकलर यांनीं १९२१ च्या डिसेंबरांत कोकच्या बारीक कणांच्या तळाशीं तप्त वायु सोडला, तेव्हां ते कण उकळत्या द्रवाप्रमाणें वर उसळतांना त्यांना दिसले. हलक्या प्रतीच्या भुकटीदार कोळशापासून वायु कसा काढावा हा त्या वेळचा प्रश्न होता. मोठे ढेंकळ शेगडींत जळतात. भुकटी मात्र शेगडी कोंदून टाकते. विंकलर यांनीं त्या भुकटीलाच प्रवाही केलें. १९२६ सालीं लॉयना येथें सुमारे १२ चौरस मीटर क्षेत्राचें त्यांचें पहिलें मोठें यंत्र चालूं झालें. 

दुसरा टप्पा दुसऱ्या महायुद्धाचा आहे. जड तेलाचे मोठे रेणू फोडून पेट्रोल करतांना उत्प्रेरकाच्या कणांवर कांहीं मिनिटांतच काजळी बसते आणि तो निकामी होतो. मग काम थांबवून काजळी जाळावी लागते. विमानांना तर पेट्रोल अखंड हवें होतें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील वॉरन लुइस व एडविन गिलिलंड या अध्यापकांनीं आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या अभियंत्यांनीं यावर तोड काढली. उत्प्रेरकाची पूडच द्रवासारखी करून ती एका पात्रांतून दुसऱ्यांत वाहती ठेवायची. एका पात्रांत तेल फुटेल, दुसऱ्यांत काजळी जळेल, आणि त्या जळण्याची उष्णता पहिल्या पात्राच्या कामीं येईल. २५ मे १९४२ रोजीं अमेरिकेंतील बॅटन रूज येथें असा पहिला कारखाना सुरू झाला. पुढें ही रीत जगभर पसरली. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें १९५४ व १९५५ या सालांत पाठोपाठ जे दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, त्यांच्या आवारांतहि ही विद्या कामाला लागलेली आहे. वाशीमच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या मोटारींतील पेट्रोलचा बराच भाग कोठल्या तरी अशा प्रवाही थरांतून आलेला असतो.

यंत्रें चालूं लागलीं, पण त्यांच्या पोटांत काय चाललें आहे हें कोणासच दिसत नव्हतें. पोलादी भिंतीच्या आड सहाशें-सातशें अंशांच्या उष्णतेंत जे बुडबुडे उठत, ते कसे वाढतात, केवढे होतात, किती वेगानें पळतात, याची माहिती नव्हती. ती नसल्याची किंमत लवकरच मोजावी लागली. टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथें नैसर्गिक वायूपासून पेट्रोल करण्याचा ‘हायड्रोकोल’ नांवाचा एक भव्य कारखाना १९५० च्या सुमारास उभारण्यांत आला. प्रयोगशाळेंतील अरुंद नळकांड्यांत ही क्रिया उत्तम चालली होती. तीच मोठ्या पात्रांत नेतांच पूर्वींइतका वायु क्रियेंत भाग घेईना. मूळचें यश परत मिळविण्यासाठीं अभियंत्यांनीं पुष्कळ खटपट केली, परंतु त्या दशकांतच कारखाना बंद पडला. अपयशाचीं कारणें अनेक होतीं; तथापि त्यांतलें एक प्रमुख कारण बुडबुडा हें होतें.

बुडबुड्यानें एवढें नुकसान कसें केलें, हें समजण्यास थोडा हिशेब पुरे. समजा, वाळूचा थर तरंगण्यास सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाचा वारा पुरतो आणि प्रत्यक्षांत आपण २० सेंटिमीटर वेगाचा वारा देत आहोंत. उरलेल्या १५ सेंटिमीटरांचें काय होतें? १९५२ सालीं टूमी व जॉनस्टन या दोघांनीं याचें उत्तर दिलें: तरंगण्याला लागेल तेवढाच वायु कणांच्या फटींतून जातो आणि बाकीचा सर्व बुडबुड्यांच्या रूपानें पळतो. हें उत्तर ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. म्हणजे वरच्या उदाहरणांत तीन-चतुर्थांश वायु बुडबुड्यांत बसून चालला. त्याला जर कण भेटलेच नाहींत, तर क्रिया होणार कोणाशीं?

बुडबुड्याच्या वेगाचा कायदाहि याच सुमारास हातीं आला. केंब्रिजचे जेफ्री टेलर आणि त्यांचे सहकारी डेव्हिस यांनीं द्रवांत वर येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांचा अभ्यास १९५० सालीं प्रसिद्ध केला. अशा बुडबुड्याचें डोकें गोल, टोपीसारखें असतें व तळ चपटा असतो. आणि त्याचा वेग व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो. व्यास चौपट तर वेग दुप्पट. हाच कायदा वाळूंतील बुडबुड्यालाहि लागू पडतो, असें पुढें दिसून आलें. त्याप्रमाणें ५ सेंटिमीटरांचा बुडबुडा सेकंदाला सुमारें अर्धा मीटर चढतो, तर २० सेंटिमीटरांचा सुमारें एक मीटर. थर एक मीटर खोल असेल तर या दुसऱ्या बुडबुड्यांतील वायूला कणांची भेट घेण्यास सेकंदभरच मिळतो.

पण बुडबुडा मोठा कां होतो? येथें त्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. खालच्या जाळीच्या प्रत्येक भोकाशीं तो लहान असतो. वर चढतांना त्याच्या पाठीमागें कणांचा एक भोंवरा ओढला जातो. मागून येणारा दुसरा बुडबुडा त्या भोंवऱ्याच्या ओढींत सांपडला कीं लांबट होतो, वेग घेतो आणि पुढच्याच्या तळांतून त्याच्या पोटांत शिरतो. दोहोंचा एक होतो. तो अधिक वेगवान होतो आणि शेजारच्यांना गांठूं लागतो. याप्रमाणें उंचीबरोबर बुडबुड्यांची संख्या घटत जाते आणि आकार वाढत जातो. ५ सेंटिमीटरांचे आठ बुडबुडे मिळून १० सेंटिमीटरांचा एक होतो. आंतील वायु तेवढाच; पण ज्या पृष्ठभागावर वायु व कण यांची भेट व्हायची तो निम्मा झाला, आणि वेग वाढल्यामुळें भेटीचा वेळ सात-दशांशावर आला. दोन्हीकडून तोटा. अरुंद नळकांड्यांत भिंतीच बुडबुड्याला आवर घालतात. रुंद पात्रांत त्याला आवरणारें कोणी नसतें. ब्राउन्सव्हिलच्या संकटाचें मर्म यांत आहे. प्रयोगशाळेंतील बुडबुडा आणि कारखान्यांतील बुडबुडा एकच, असें गृहीत धरलें गेलें. आणि ते एक नव्हते.

बुडबुड्याच्या अंतरंगाचा शोध लावण्याचें श्रेय मुख्यतः केंब्रिजच्या जॉन फ्रँक डेव्हिडसन यांना आहे. १९६१ सालीं त्यांनीं मोजक्या गणितानें असें दाखविलें कीं, बुडबुडा भोंवतालच्या फटींतील वायूहून हळू चालत असेल तर तो वायु त्याच्या तळांतून शिरून माथ्यांतून बाहेर पडतो. जणूं बुडबुडा ही सोपी वाट आहे. परंतु बुडबुडा त्याहून वेगवान झाला कीं माथ्यांतून निघालेला वायु बाजूंनीं खालीं वळतो व पुन्हा तळांतून आंत येतो. बुडबुडा आपला वायु स्वतःभोंवतीं एका पातळ वेष्टनांत कोंडून घेतो आणि तसाच वर नेतो. या वेष्टनाला ‘मेघ’ हें नांव पडलें. बाहेरच्या असंख्य कणांना त्या वायूचा स्पर्शहि होत नाहीं.

गणितानें सांगितलेला हा मेघ डोळ्यांना दिसला पाहिजे होता. इंग्लंडांतील हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रांत पीटर रो व त्यांचे सहकारी यांनीं युक्ति केली. दोन काचांच्या मध्यें पांढऱ्या कणांचा पातळ थर प्रवाही करून त्यांत तांबूस रंगाच्या नायट्रोजन डायॉक्साइड वायूचा बुडबुडा सोडला. छायाचित्रांत बुडबुड्याभोंवतीं तांबूस कडें स्पष्ट उमटलें. पुढें त्यांनीं जाड थरांतील बुडबुडे क्ष-किरणांनीं टिपले. दवाखान्यांत हाडें पाहतात तसे. बुडबुड्याच्या तळाशीं कणांचा पुंजका असतो, तो बुडबुड्याबरोबर वर चढतो आणि पृष्ठभागावर बुडबुडा फुटतांच तेथें विखुरतो, हें त्यावरून दिसलें. येथें गोष्टीची दुसरी बाजू उघडी पडते. वायु चोरून नेणारा हा बुडबुडा जातांजातां खालचे कण वर नेतो, वरचे खालीं ढकलतो, आणि सर्व थर एकसारखा तापलेला ठेवतो. भडभुंज्याचा झारा म्हणजे हाच. बुडबुडा नसेल तर थर ढवळला जाणार नाहीं आणि जागोजाग करपेल. तेव्हां त्याला हांकलून देणें हा उपाय नव्हे; त्याला लहान ठेवणें हा उपाय आहे.

तो कोठें लहान राहतो याची उत्तम वर्गवारी ब्रॅडफर्डच्या गेल्डार्ट यांनीं १९७३ सालीं केली. ती समजण्यास स्वयंपाकघरापर्यंत गेलें तरी चालेल. गव्हाचें पीठ हा एक वर्ग: कण इतके बारीक कीं एकमेकांना चिकटतात, वारा दिला तर भेगा पडतात, थर प्रवाही होत नाहीं. वाळू हा दुसरा: थर तरंगला रे तरंगला कीं बुडबुडे उठतात आणि वाढतच जातात. या दोहोंच्या मधली, तेलाच्या कारखान्यांतील उत्प्रेरकासारखी हलकी बारीक पूड हा तिसरा: ती आधीं फुगते, मग बुडबुडे देते, आणि तिच्यांतील बुडबुडे जसे मिळतात तसे फुटतहि राहतात. त्यामुळें त्यांचा आकार एका मर्यादेपलीकडे जात नाहीं. ज्वारी-गहूंसारखे मोठे दाणे हा चौथा वर्ग. त्यांचे बुडबुडे बोजड आणि ओबडधोबड असतात. अशा दाण्यांसाठीं कॅनडांत माथुर व गिश्लर यांनीं गहूं वाळवितांना १९५५ सालीं निराळी वाट दाखविली: तळाशीं एकच भोंक ठेवून मधोमध वाऱ्याचें कारंजें उडवायचें, दाणे मधून वर उसळतात आणि कडेनें खालीं सरकतात.

या ज्ञानांतून उपाय निघाले. उत्प्रेरकांत मुद्दाम कांहीं अतिबारीक कण राखले जाऊं लागले. तळाच्या जाळीला थोड्या मोठ्या भोकांऐवजीं पुष्कळ लहान भोकें आलीं. पात्रांत उभ्या नळ्या वा आडव्या पट्ट्या बसवून रुंद पात्राचे जणूं अरुंद भाग पाडण्यांत आले. आणि कांहीं ठिकाणीं वारा इतका वाढविण्यांत आला कीं बुडबुड्याचा आकारच मोडून जावा.

महाराष्ट्राचा या विद्येशीं संबंध केवळ यंत्रें विकत घेण्यापुरता राहिला नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग स्थापन केला. तोच पुढें माटुंग्याच्या वास्तूंत वाढला. वऱ्हाड-नागपुरांतील मुलांसाठीं कामठीचे दानशूर व्यापारी लक्ष्मीनारायण यांच्या देणगींतून १९४२ सालीं नागपुरांत लक्ष्मीनारायण तंत्रशाळा निघाली, आणि १९५० च्या आरंभीं पुण्यांत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. डेव्हिडसन यांचें गणित नवें होतें त्याच वर्षांत केंब्रिजच्या त्याच विभागांत मनमोहन शर्मा हे तरुण भारतीय डँकवर्ट्स यांच्या हाताखालीं संशोधन करीत होते. १९६४ सालीं पदवी घेऊन ते मुंबईस परतले व माटुंग्याच्या विभागांत त्यांनीं शिष्यांची परंपरा निर्माण केली. पुण्याच्या प्रयोगशाळेंतील एल. के. दोराईस्वामी यांच्यासह त्यांनीं लिहिलेला दोन खंडांचा ग्रंथ १९८४ सालीं निघाला. वायु, द्रव व घन यांच्या भेटीगांठींची ही विद्या त्यांत एकत्र आली आहे.

शर्मांचे शिष्य ज्येष्ठराज जोशी यांनीं द्रवाच्या उंच नळकांड्यांतील बुडबुड्यांचा प्रश्न हातीं घेतला. हा प्रश्न वाळूंतील बुडबुड्याचा सख्खा भाऊ आहे. १९७९ सालीं जोशी व शर्मा यांनीं असें मांडलें कीं, मधून चढणाऱ्या बुडबुड्यांमुळें द्रव नळकांड्यांत एकच मोठें चक्र न घेतां एकावर एक रचलेल्या अनेक चक्रांत फिरतो, आणि प्रत्येक चक्राची उंची साधारणतः नळकांड्याच्या व्यासाइतकी असते. प्रयोगशाळेंतील हातभर रुंदीच्या नळकांड्यावरून कारखान्यांतील पुरुषभर रुंदीच्या पात्राचें भाकीत कसें करावें, याला त्या कल्पनेनें आधार दिला. ब्राउन्सव्हिल येथें जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता, त्याच प्रश्नाच्या एका अंगावर मुंबईंत काम झालें.

आज प्रवाही थर अनेक वेषांत भेटतो. आपल्या देशांतील कोळशांत राख फार. असा कोळसा व तांदळाचें तूस वाळूच्या उसळत्या थरांत आठशें-नऊशें अंशांवर चांगलें जळतें, कारण त्या उष्णतेंत राख वितळून चिकटत नाहीं. औषधी गोळ्यांच्या कारखान्यांत ओली पूड गरम हवेच्या थरांतच वाळवितात. शहरांतील दुकानांत मक्याच्या लाह्या फोडणारें जें गरम हवेचें यंत्र दिसतें, त्यांत वाळूहि नाहीं आणि झाराहि नाहीं. दाणेच वाऱ्यावर नाचतात आणि फुटतांच हलके होऊन आपोआप बाहेर पडतात. भट्टी, झारा, चाळणी आणि उपणणी हीं चारी कामें एका वाऱ्यानें केलीं.

वाशीमच्या भडभुंज्याला बुडबुड्याचें गणित ठाऊक नव्हतें. तरी वाळू हलती राहिली पाहिजे, आणि ती सगळीकडे सारखी हलली पाहिजे, हें त्याच्या हाताला माहीत होतें. ब्राउन्सव्हिलच्या अभियंत्यांपाशीं गणित होतें, भांडवल होतें. पण लहान कढईंत जें जमलें तें मोठ्या कढईंत तसेंच जमेल, हा भरंवसा त्यांना नडला. भांडें मोठें झालें म्हणजे त्यांतला पदार्थ केवळ वाढत नाहीं, त्याचा स्वभावहि पालटतो. चौघांचा स्वयंपाक करणारी गृहिणी चारशें पानांच्या पंक्तीला आचाऱ्यास बोलावते, तें उगीच नव्हे.